मुळशीचे पाणी, मुंबईचा उजेड

दिवाळीची पणती लावताना आम्हां मावळच्या माणसांना पाण्याखालची गावे आठवतात. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. तेवढ्यासाठी टाटा कंपनीने मुळशीस धरण बांधावयास घेतले. बावन्न गावांवर संकट आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, 'जान किंवा जमीन' म्हणत मावळे धरणावर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे पुढे होते. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात.

लढा तीन वर्षांनी मोडला. का? पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावे होत्या. त्यांना मोबदला चालला. नांगर धरणारा मात्र उघड्यावर पडला. १९२७ पासून मुळशीचे पाणी सह्याद्री उतरून भिऱ्यास वीज करू लागले. मुंबई उजळली.

आज याच तालुक्यातले हिंजवडी संगणकाच्या धंद्याने शहर होऊन बसले आहे. तेथून शिवाजीनगरापर्यंतच्या २३ किलोमीटर मेट्रोची पायाभरणी २०१८ साली झाली. शहर वाढावे, गाडी धावावी. नको कोण म्हणेल? पण वाचकहो, मोबदला मोजताना सातबाऱ्यावरचे नाव वाचावे, तसे बांधावर उभ्या असलेल्या माणसाचे तोंडही पाहावे. मुळशीत तेवढेच राहून गेले.