चिठ्ठ्या न टाकता निवडलेली गावं

हा भाग संग्रामपूरच्या घरून रेकॉर्ड करतोय, तेव्हा मागे माझ्या भाचीचं रडणं ऐकू आलं तर सांभाळून घ्या. ती आज चौदा दिवसांची झाली. सकाळी आशाताई आल्या, झोळीच्या काट्यावर तिचं वजन केलं, काखेत थर्मामीटर लावला आणि घड्याळ धरून मिनिटभर श्वास मोजले. साठच्या आत. आई आतून म्हणाली, "आधी ताईले चहा टाक."

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई घरी येतात ते दिवस ठरलेले: 3, 7, 14, 21, 28 आणि 42. देशभर हे 2011 पासून सुरू झालं. मूळ मात्र आपल्याच विदर्भात आहे, गडचिरोलीत.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1995 पासून 39 गावांत तिथल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली. दुसऱ्या 47 गावांत फक्त जन्म-मृत्यूंची मोजणी. त्या 39 गावांत आधी हजार जन्मांमागे 62 बाळं पहिल्या महिन्यात दगावत. तिसऱ्या वर्षी आकडा 25 च्या आसपास आला. तुलनेच्या गावांत तो साठच्या जवळच राहिला. डिसेंबर 1999 मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

पंचाईत अशी की ही गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. संस्था जिथे आधीपासून उपचार करत होती, तिथेच प्रयोग झाला. आमच्या आयटीत नवं फीचर ज्यांनी स्वतःहून चालू केलं त्यांचाच आलेख चढला, तर टाळ्या वाजवू नयेत (वाजवतात, ते सोडा). ती माणसं मुळातच उत्साही असतील. इथेही लोकांचा संस्थेवर आधीच विश्वास बसलेला असणार. म्हणून पद्धतशीर आढाव्यांत, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधून एकत्र तपासताना, असे अभ्यास अनेकदा दारातच अडवले जात.

मला ते पटत नाही. इथे प्रयोगाआधी, 1993 ते 1995, दोन्हीकडचे मृत्यू मोजले होते: 62 आणि 58. 'मुळात बरीच गावं निवडली' हा आक्षेप त्यापुढे टिकत नाही. पण पुढेही दोन्हीकडे सारखंच घडलं असतं, हे शेवटी गृहीतकच. 2016 मध्ये 'रॉबिन्स-आय' नावाची तपासणीची पद्धत आली. ती विचारते, हाच प्रयोग चिठ्ठ्या टाकून नीट केला असता तर कसा दिसला असता, आणि हा अभ्यास त्यापासून कुठे घसरतो? 'घ्या' किंवा 'फेका' यापेक्षा हा प्रश्न कामाचा.

2008 मध्ये चिठ्ठ्या टाकून केलेले दोन प्रयोगही छापून आले. उत्तर प्रदेशातल्या शिवगढमध्ये नवजात मृत्यू 54 टक्क्यांनी कमी, बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये घरभेटींच्या गटात 34 टक्क्यांनी. दिशा गडचिरोलीचीच. पण शिवगढमध्ये भर बाळाला ऊब देण्यावर आणि अंगावर पाजण्यावर होता, तर गडचिरोलीत जंतुसंसर्गावर इंजेक्शनही दिलं जायचं. तिघांची सरासरी काढली तर ती नेमकी कशाची?

आमच्या आशाताईंच्या पिशवीत ते इंजेक्शन नाही. म्हणजे गडचिरोलीचा आकडा संग्रामपूरला जसाच्या तसा चिकटवता येत नाही. चहा होईपर्यंत मी हे सगळं ताईंना ऐकवलं. त्यांनी फॉर्म भरून संपवला आणि बहिणीला म्हणाल्या, बाळ दूध ओढेना किंवा अंग तापलं तर माझी वाट बघू नका, 108 ला फोन करा. मी एकविसाव्या दिवशी येते.