मंगळवारनंतरचा शनिवार

बसून घ्या. तारीख 15 सप्टेंबर 2001, शनिवार. शहर बॉस्टन, सभागृह बर्कली परफॉर्मन्स सेंटर. न्यूयॉर्कचे ते मनोरे मंगळवारी कोसळले, आणि त्यांच्यावर आदळलेली दोन्ही विमानं याच शहरातून उडाली होती. तुमच्या शेजारी बसलेल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

टेनर सॅक्सोफोन गळ्यात अडकवून आलेला हा सनी रोलिन्स. आठवड्यापूर्वीच 71 वर्षांचा झालाय. त्याचं घर मनोऱ्यांपासून जेमतेम सहा गल्ल्यांवर, एका उंच इमारतीत. रहिवाशांना बुधवारी बाहेर काढलं, तेव्हा जवळजवळ चाळीस मजले तो पायी उतरला, हातात सॅक्सोफोन. त्याआधी घरातच रियाज करून पाहिला होता. पण श्वास खोल घेतला आणि हवेतलं ते सगळं थेट पोटात उतरल्यासारखं झालं. वाजवणं थांबवावं लागलं. हा कार्यक्रम रद्द करावा असंच त्याच्या मनात होतं. जायचंच, असा हट्ट धरला तो बायकोने, ल्युसिलने.

तीच छाती आता भरतेय. ऐका.

पहिली धून ‘विदाउट अ साँग’. तरुण वयात, नाव गाजत असताना, रोलिन्स मैफली सोडून विल्यम्सबर्ग पुलावर एकट्याने रियाज करत राहिला होता. त्या मौनानंतर 1962 मध्ये ‘द ब्रिज’ हा अल्बम आला, आणि त्याची सुरुवात याच धुनेने होती. त्या अल्बमवर बास वाजवणारा बॉब क्रॅनशॉ आजही मागे उभा आहे. मुखडा ओळखीचा, पण रोलिन्स त्यावर थांबत नाही. एक तुकडा उचलतो, उलटून पाहतो, पुन्हा पुन्हा घोळवतो, आणि तुम्हाला वाटतं की आता संपलं, तेव्हा आणखी एक वळण घेतो. स्वर खरखरीत, भरदार. सफाईदारपणा हवा असेल तर तो दुसरीकडे शोधावा. इथे माणूस जिवाच्या आकांताने वाजवतोय.

मग ‘ग्लोबल वॉर्मिंग’, कॅलिप्सोच्या चालीवर. त्याचे आईवडील व्हर्जिन बेटांकडचे, ही लय त्याच्या घरातली. किमाती दिनिझुलूचा हात तालवाद्यांवर पडतो, आणि चार दिवस अवघडलेले खांदे सैल होतात. नाचावंसं वाटलं तर अपराधी वाटून घेऊ नका. मधल्या बोलण्यात रोलिन्स साधंच काही सांगतो: संगीत जिवंत ठेवायला हवं, त्याने कदाचित मदत होईल. खात्रीचा आव तो आणत नाही. 1960च्या दशकात आपल्या पवईत, स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात, योग शिकायला राहिलेला हा माणूस. वाजवणं हीच त्याची साधना, हे त्याला तिथेच सांगितलं गेलं होतं.

‘व्हाय वॉज आय बॉर्न?’ सुरू झालं की मात्र हलू नका. प्रेक्षकांत कुठेतरी एक चाहता गुपचूप ध्वनिमुद्रण करतोय. 2005 मध्ये निघालेला या मैफलीचा अल्बम त्याच्यामुळेच झाला. आणि आत्ता तुमच्यासमोर चाललेल्या या एकल वादनाला अल्बमच्या पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. माझ्या मते ‘द ब्रिज’च्या शेजारी ठेवावं असं त्याचं उतारवयातलं काम हेच.