कोसबाडच्या कै. अनुताई वाघ

शाळेत न येणाऱ्या मुलास उनाड ठरवून हजेरीपटावरून त्याचे नाव कमी करावयाचे, हा शाळाखात्याचा जुना रिवाज. ते मूल का येत नाही, हे पाहण्यास त्याच्या दारी जाणारा शिक्षक विरळा. कै. अनुताई वाघ अशा विरळ्यांपैकी होत्या.

त्यांचा जन्म १९१० साली पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी विवाह आणि सहा महिन्यांतच वैधव्य! रूढीप्रमाणे पुढील आयुष्य माजघरातच सरावयाचे. परंतु त्या शिकून शिक्षिका झाल्या. पुण्यास हुजूरपागेत नोकरीही मिळाली. ती सोडून १९४५ साली त्या ताराबाई मोडकांच्या हाताखाली बोर्डीस गेल्या. त्याच वर्षी डहाणू-उंबरगाव भागात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा पुकारला होता, यावरून तेथील दैन्याची कल्पना यावी.

बोर्डीस बालवाडी निघाली, पण वस्तीवरील मुले तेथवर येईनात. तेव्हा वर्गच त्यांच्या अंगणात भरू लागला. प्रथम मुलांना स्वच्छ करावयाचे, केस विंचरावयाचे, मग गाणी-गोष्टी. माँटेसोरी बाईंची महागडी साधने कोठून आणावी? शंख-शिंपले, खडे, बिया, पाने यांवरच काम भागले. हीच अंगणवाडी.

१९५७ साली हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी घरात थोरली मुलगी धाकट्या भावंडास कडेवर घेऊन फिरते. तिने शाळेत यावे कसे? म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र ठेवून ‘विकासवाडी’ केली. तान्हे पाळण्यात निजले, की ताई पाटी घेऊन बसावयास मोकळी! गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरविली. आपल्या ज्ञातिसंस्था गुणपत्रक पाहून शिष्यवृत्त्या देतात, ते योग्यच. पण ज्याच्या हाती गुणपत्रक पडण्याचाच संभव नाही, त्याची दाद कोणी घ्यावी, हा प्रश्न मजसारख्या जुन्या मास्तरास सुटत नाही.

ताराबाई १९७३ साली निवर्तल्या. पुढील भार अनुताईंनी सांभाळला. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या गावोगावच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. १९८५ साली अनुताईंना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे देहावसान झाले.