खाणकामगारांची मतपेटी

अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानांत हेझलटन नांवाचें कोळशाच्या खाणींचें एक गांव आहे. २१ फेब्रुवारी १८८६ रोजीं तेथें तेरा हंगेरियन खाणकामगारांनीं एक परस्पर-साह्यकारी मंडळ स्थापिलें आणि हंगेरींतील पत्रकार व लोकप्रतिनिधि ग्यूला व्हेर्होवाय याचें नांव त्याला दिलें. अशा मंडळांचा हेतु साधा असे. आजाऱ्याला चार पैसे मिळावे, मेलेल्याची उत्तरक्रिया नीट व्हावी आणि मागें राहिलेल्या बायकामुलांवर दारोदार फिरण्याची पाळी येऊं नये.

ही पाळी दूर नसे. १९ डिसेंबर १९०७ रोजीं त्याच संस्थानांतील डार खाणींत स्फोट होऊन २३९ माणसें मेलीं. त्यांत हंगेरियन पुष्कळ होते. कामगारांना नुकसानभरपाई देणारा कायदा तेथें १९१५ सालीं झाला. तोंवर विधवेला खरा आधार मंडळाच्या पेटीचाच.

पण पैसा गोळा करणें एक आणि तो कोणाच्या हातीं सोंपवावा हें ठरविणें दुसरें. या प्रश्नाचें उत्तर होतें निवडणूक. प्रत्येक शाखा आपले अधिकारी निवडी आणि महाअधिवेशनासाठीं प्रतिनिधीहि निवडी. अधिवेशनांत मंडळाचे मुख्य अधिकारी निवडले जात, हिशेब तपासले जात आणि नियम बदलले जात.

यांतील पुष्कळांना मतदान ही गोष्टच नवी होती. पहिल्या महायुद्धापूर्वीं हंगेरींत सुमारें शेंकडा सहा लोकांनाच मताचा अधिकार होता, आणि तें मतहि अधिकाऱ्यांसमोर उघड बोलून द्यावें लागे. जमीनदाराचा कारभारी जवळ उभा असतां कूळ कोणाचें नांव घेणार? महायुद्धानंतर तेथें गुप्त मतदान आलें; परंतु १९२२ सालीं खेड्यापाड्यांत उघड मतदानाची रीत पुन्हां सुरू झाली व ती १९३८ च्या कायद्यापर्यंत चालली. मायदेशीं ज्याला कोणी विचारीत नव्हतें, त्या मजुराला परदेशांतील शाखेच्या सभेंत हात वर करून खजिनदाराला जाब विचारतां येऊं लागला. पेटींतील पैसा त्याच्या स्वतःच्या मरणाचा असल्यामुळें तो हिशेब कान देऊन ऐकत असे.

अमेरिकन कायद्यानेंहि या रीतीला बळकटी आणली. विमाखात्याचे अधिकारी व अशा मंडळांचे पुढारी यांनीं १९१० सालीं मिळून एक नमुना-कायदा तयार केला. अधिवेशन निदान चार वर्षांतून एकदां भरलेंच पाहिजे आणि कोणीहि दुसऱ्याच्या वतीनें मत देऊं नये, असें त्यांत होतें. गरीब सभासदांचीं मुखत्यारपत्रें गोळा करून एखाद्यानें जन्मभर खुर्ची अडवावी, ही वाट त्यामुळें बंद झाली.

तथापि लोकमताची खरी कसोटी वर्गणीच्या वेळीं लागे. सर्वांनीं सारखीच वर्गणी द्यावी, हें बंधुभावास शोभणारें तत्त्व. मंडळ तरुण होतें तोंवर तें चाललें. सभासदांचे केंस पिकूं लागले तसे मृत्यु वाढले, आणि तरुणांस महाग मंडळांत शिरण्याचें कारण उरेना. वयाप्रमाणें वर्गणी हाच उपाय होता. नमुना-कायद्यानेंहि मंडळांस आपल्या देण्याची शास्त्रीय मोजदाद करावयास लावलें. परंतु म्हाताऱ्यांची वर्गणी वाढवा, असें म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला त्यांचींच मतें हवीं असत. खरें बोलावें तर पद जावें, आणि गोड बोलावें तर पेटी रिकामी व्हावी. अधिवेशनाला आलेल्या प्रतिनिधीला ही कडू गोळी घेऊन आपल्या शाखेंत परत जावें लागे.

१९२१ व १९२४ च्या कायद्यांनीं नव्या निर्वासितांचा नव्हे, तर साध्या पोटार्थी स्थलांतराचाहि ओघ आटला. घरोघर मुलें इंग्रजी बोलूं लागलीं. १९५५ सालीं ब्रिजपोर्ट येथील राकोत्सी मंडळ व्हेर्होवाय मंडळांत मिळालें आणि जोडसंस्थेनें पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन याचें नांव घेतलें. हंगेरियन नांव गेलें. अधिवेशनाची रीत मात्र राहिली. तेरा मजुरांनीं परक्या भूमींत पेटी ठेवली ती मरणाच्या भयानें. तिला कुलूप घातलें तें मताच्या हक्कानें.