जिंझू नदीच्या कांठची माती

इतिहास शिकवितांना आम्हां शिक्षकांची एक खोड असते. एखाद्या राष्ट्राच्या उत्कर्षाचें वर्णन करावयाचें झालें, म्हणजे त्यानें किती मैल लोहमार्ग टाकला, किती जहाजें बांधलीं आणि किती धातु खाणींतून उपसला, याचे आकडे आम्ही फळ्यावर लिहितों. धातु काढून घेतल्यावर उरलेला गाळ कोठें गेला, हें विद्यार्थी विचारीत नाहींत, आणि आम्हीही सांगत नाहीं. जपानच्या उदयाचें प्रकरण तर आम्ही विशेष आवडीनें शिकवीत आलों आहों. १९०५ सालीं त्या लहानशा आशियाई राष्ट्रानें रशियाचा पराभव केला, तेव्हां महाराष्ट्रांतील सुशिक्षितांस झालेल्या आनंदाचे पडसाद आमच्या आजोबांच्या पिढीच्या बोलण्यांत पुढें कित्येक वर्षें ऐकूं येत. तो आनंद अस्थानीं होता असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्या उत्कर्षाच्या जमाखर्चांत खर्चाचीही एक बाजू होती, व ती भातखाचरांच्या मातींत सांठत गेली होती. ती वाचकांपुढें मांडावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

होन्शू बेटाच्या मध्यभागीं, गिफू प्रांताच्या डोंगरांत, कामिओका नांवाचें गांव आहे. तेथील खाणींतून रुपें, तांबें व शिसें हे धातु फार पूर्वींपासून निघत. १८७४ पासून मित्सुई घराण्यानें या खाणी हळूहळू आपल्या ताब्यांत घेतल्या, आणि रशियाशीं युद्ध झालें त्या सुमारास तेथें जस्ताचें उत्पादन सुरू झालें. खाणीच्या पायथ्याशीं ताकाहारा नदी वाहते. ती पुढें जिंझू नदीस मिळते, आणि जिंझू तोयामा प्रांताच्या सपाट, सुपीक प्रदेशांतून वाहत जाऊन तोयामाच्या उपसागरास मिळते. या प्रदेशांतील लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच नदीचें पाणी पाटांनीं शेतांत घेत, आणि पिण्यासही तेंच वापरीत. डोंगरांत खाण आणि खालीं भातशेती, एवढी ही साधी भूगोलाची गोष्ट आहे. पुढील सर्व अनर्थ तिच्यांतून उद्भवला.

जस्ताच्या दगडांत कॅडमियम नांवाचा दुसरा एक धातु अल्प प्रमाणांत मिसळलेला असतो. जस्त काढावयाचें तर दगड दळून त्याचें बारीक पीठ करावें लागतें. हवें तें काढून घेतल्यावर राहिलेलें पीठ व सांडपाणी त्या काळीं नदीच्या स्वाधीन केलें जाई. दळण जितकें बारीक, तितका गाळ हलका, आणि तितका तो दूरवर वाहून जाणार. पाटाचें पाणी खाचरांत शिरून संथ झालें, कीं गाळ खालीं बसे. पाणी शिरण्याच्या तोंडापाशीं तो सर्वांत अधिक सांचे, आणि तेथलेंच पीक प्रथम खुरटे. शेतकर्‍यांच्या तें ध्यानांत आलें होतें. पीक बुडाल्याच्या तक्रारी त्यांनीं केल्या होत्या. परंतु जें पीक बुडालें नाहीं, हिरवेंगार वाढलें आणि घरांत आलें, त्याच्याही दाण्यांत विष आहे हें डोळ्यांना दिसण्यासारखें नव्हतें.

येथें मातीचा एक स्वभाव सांगितला पाहिजे. शेणखत, पालापाचोळा, मेलेलें जनावर, सर्व कांहीं माती पचविते व त्याचें अन्न करिते; म्हणून तिला आपण माता म्हणतों. परंतु धातु तिला पचत नाहीं. कॅडमियम कुजत नाहीं, जळत नाहीं, वार्‍यावर उडून जात नाहीं. नदीचें पाणी कारखाना थांबल्यावर कांहीं काळानें निवळतें. मातींत बसलेला धातु नांगरटीच्या थरांत पिढ्यान्‌पिढ्या राहतो. भाताचें रोप आपल्याला हव्या असलेल्या जस्ताबरोबर नको असलेलें कॅडमियमही मुळांनीं ओढून घेतें, कारण या दोन धातूंची प्रकृति पुष्कळशी सारखी आहे. माणसाच्या शरीरांतही तीच कथा. तें मूत्रपिंडांत जाऊन बसतें, आणि त्याचा अर्धा भाग बाहेर पडण्यास दहा ते तीस वर्षें लागतात.

मूत्रपिंडांतील सूक्ष्म नलिका बिघडल्या म्हणजे हाडांस लागणारीं द्रव्यें शरीरांत टिकत नाहींत; तीं लघवीवाटे निघून जातात आणि हाडें मऊ पडतात. जिंझूच्या कांठीं हा रोग मुख्यत्वें उतार वयाच्या, अनेक बाळंतपणें झालेल्या, जन्मभर शेतांत राबलेल्या स्त्रियांना झाला. आरंभीं कंबर व मांड्या दुखत. मग चाल बदकासारखी होई. शेवटीं खोकल्याच्या एका उबळीनें बरगडी मोडे. एका रुग्णाच्या अंगांत ७२ ठिकाणीं हाडें मोडल्याची नोंद आहे. उंची वीतभर आणि त्याहूनही अधिक खुंटे. अंथरुणावर पडलेल्या त्या बायका ‘इताइ, इताइ’ म्हणून कण्हत. या जपानी शब्दांचा अर्थ ‘दुखतें, दुखतें’ इतकाच. १९५५ सालीं वृत्तपत्रांनीं त्या कण्हण्यालाच रोगाचें नांव करून टाकलें. तोंपर्यंत शेजारीपाजारी त्याला पूर्वकर्माचें फळ म्हणत, आणि घरचे लोक रुग्णास आंतल्या खोलींत ठेवीत.

खाणीच्या गाळानें शेती नासते हें जपानला तोंवर ठाऊक नव्हतें, असें मात्र कोणीं समजूं नये. तोकियोच्या उत्तरेस आशिओ येथें तांब्याची खाण होती. ती १८७७ सालीं फुरुकावा इचिबेई या धनिकानें घेतली. धूर व जंगलतोड यांमुळें तेथले डोंगर उघडे पडले. १८९० च्या महापुरानें खाणीचा गाळ वातारासे नदीकांठच्या शेतांवर पसरला. तानाका शोझो या लोकप्रतिनिधीनें १८९१ पासून हा प्रश्न प्रतिनिधिसभेंत लावून धरला. दहा वर्षें झगडून कांहीं फळ मिळेना, तेव्हां १९०१ च्या डिसेंबरांत त्यानें सम्राटाच्या गाडीपुढें धांव घेऊन अर्ज देण्याचा प्रयत्न केला. लोकांनीं त्याची वाहवा केली, सरकारनें त्याला वेडा ठरवून सोडून दिलें. पुढें पूर आवरण्यासाठीं जलाशय करावयाचा म्हणून यानाका हें गांवच १९०६ सालीं मोडण्यांत आलें. खाण चालू राहिली. १९१३ सालीं तानाका वारला, तेव्हां त्याच्यापाशीं घर वा जमीन कांहीं उरलें नव्हतें. राष्ट्राला तोफा व तारा यांसाठीं तांबें हवें होतें. त्यापुढें कांहीं हजार शेतकर्‍यांच्या जमिनीचें मोल थोडें ठरलें. आशिओचा हा धडा कामिओकाच्या वेळीं कोणीं काढून पाहिला नाहीं.

जिंझूच्या कांठीं सत्य बाहेर आलें, तें एका खेड्यांतल्या डॉक्टराच्या चिकाटीनें. नोबोरू हागिनो हे १९४६ सालीं युद्धावरून परतले व आपल्या वडिलार्जित दवाखान्यांत बसूं लागले. कण्हणार्‍या बायका रोज समोर येत. आरंभीं त्यांनाही हा अतिश्रमाचा व निकृष्ट अन्नाचा परिणाम वाटला. परंतु रुग्णांचीं घरें त्यांनीं नकाशावर मांडून पाहिलीं, तेव्हां तीं सारीं जिंझूचें पाणी घेणार्‍या टापूंत पडलीं. शेजारच्या इदा व कुमानो या नद्यांचें पाणी वापरणार्‍या गांवीं हा रोग नव्हता. तेंच हवामान, तेंच अन्न, तेच कष्ट; पाणी तेवढें निराळें. १९५७ सालीं त्यांनीं खाणीवर बोट ठेवलें. पुढें ओकायामा विद्यापीठाचे जुन कोबायाशी यांच्या पृथक्करणांत कॅडमियम सांपडलें, आणि शेतीतज्ज्ञ किनइची योशिओका यांच्यासह हागिनो यांनीं १९६१ सालीं तें कारण जाहीरपणें मांडलें.

याबद्दल त्यांस आभार मिळाले असतील असें वाचकांस वाटेल. परंतु खेडवळ वैद्यास शास्त्र काय कळे, असें विद्वान म्हणाले; आणि ज्यांच्यासाठीं त्यांनीं हें केलें, त्यांच्यापैकींही पुष्कळांनीं दोष दिला. आमच्या गांवचा तांदूळ आतां कोण घेणार, आमच्या मुलांस मुली कोण देणार, ही त्यांची चिंता होती. ती खोटी नव्हती. विषारी जमिनीचा मालक हा एकाच वेळीं पीडितही असतो आणि विक्रेताही असतो. सत्य बोललें तर आजची भाकरी जाते, न बोललें तर उद्यांचीं हाडें. असल्या पेंचांत सांपडलेल्या माणसांच्या मौनास भ्याडपणा म्हणणें आम्हांस तरी धीट वाटत नाहीं.

तरीही अखेरीस तेच लोक उठले. १९६८ च्या मार्चांत रुग्ण व मृतांचे वारस यांनीं कंपनीविरुद्ध तोयामाच्या न्यायालयांत दावा लावला. दोनच महिन्यांनीं, ८ मे रोजीं, आरोग्यमंत्रालयानें हा रोग खाणीच्या कॅडमियमनें होतो असें मान्य केलें. प्रदूषणजन्य रोग म्हणून जपान सरकारनें मान्यता दिलेला हा पहिला रोग होय. खाणकामाच्या कायद्याप्रमाणें कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचें कारण नव्हतें. गाळ व रोग यांचा कार्यकारणसंबंध तेवढा दाखवावयाचा होता. अमुक कण अमुक बाईच्या हाडापर्यंत कसा पोहोंचला, हें कोणासही दाखवितां येणार नाहीं, यावर कंपनीची भिस्त होती. न्यायालयानें रोगाच्या प्रसाराचा पुरावा पुरेसा मानला. ३० जून १९७१ रोजीं निकाल रुग्णांच्या बाजूनें लागला. ९ ऑगस्ट १९७२ रोजीं वरिष्ठ न्यायालयानें तो कायम केला. हागिनोंचा नकाशा जिंकला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

निकालानें माणसांस भरपाई मिळाली, मातीचें काय? शेतजमिनींच्या शुद्धीचा कायदा १९७० सालींच झाला होता. जिंझूकांठचें काम १९७९ सालीं सुरू झालें आणि २०१२ सालीं पुरें झालें. दूषित माती खरवडून खोल पुरावयाची, तिच्यावर घट्ट थर द्यावयाचा, आणि डोंगरांतून आणलेली स्वच्छ माती वर पसरावयाची, अशी ही रीति. ८६३ हेक्टर, म्हणजे सुमारें २,१०० एकर जमीन अशी दुरुस्त करण्यास ३३ वर्षें आणि ४,००० कोटींहून अधिक येन लागले. त्यांतले सुमारें दोन-पंचमांश कंपनीनें दिले. बाकीचा भार सार्वजनिक तिजोरीवर पडला. शिवाय विष नाहींसें झालें नाहीं, तें फक्त खालीं गेलें. नवी माती जुन्या मातीसारखी कसदार होण्यास आणखी मेहनत लागली, ती शेतकर्‍यांचीच.

या सर्व प्रकरणांत आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती निकालाच्या दुसर्‍याच दिवशीं झालेल्या करारांतील एक अट. पीडित लोकांनीं आपल्या पसंतीचे तज्ज्ञ घेऊन कारखान्यांत केव्हांही जावें, हवें तें पाहावें, आणि त्याचा खर्च कंपनीनें सोसावा, अशी ती अट होती. त्याप्रमाणें शेतकरी, वकील व प्राध्यापक वर्षानुवर्षें डोंगर चढून सांडपाण्याची तपासणी करीत आले, आणि जिंझूच्या पाण्यांतील कॅडमियम जवळजवळ निसर्गाच्या पातळीवर आलें. २०१३ च्या डिसेंबरांत उभय पक्षांचा अखेरचा समेट झाला. मूत्रपिंड बिघडलें पण हाडें वांचलीं, अशा लोकांस सरकारी व्याख्येंत रुग्ण म्हणत नाहींत. त्यांनाही तेव्हां कांहीं रक्कम मिळाली. सरकारनें रुग्ण म्हणून मान्य केलेल्यांची संख्या सुमारें २०० आहे. परंतु ही मोजणी सुरू होण्यापूर्वींच आंतल्या खोलींत ज्या कण्हत गेल्या, त्या कोणत्याच यादींत नाहींत.

कामिओकाचें नांव आतां जगांत निराळ्या कारणानें घेतलें जातें. त्याच खाणीच्या पोटांत, एक हजार मीटर खोल, पदार्थवैज्ञानिकांनीं पाण्याचें एक प्रचंड टांकें बसविलें, आणि १९८७ सालीं दूरच्या एका तार्‍याच्या स्फोटांतून आलेले न्यूट्रिनो तेथें टिपले गेले. त्याबद्दल २००२ सालीं नोबेल पारितोषिकही मिळालें. त्यापूर्वीं एक वर्ष खाणीचें उत्खनन बंद झालें होतें. विद्यार्थ्यांना हें आम्ही अवश्य सांगतों, कारण तें खरें आहे व अभिमानास्पद आहे. परंतु अलीकडे त्याच तासाला फळ्यावर आणखी एक ओळ लिहितों: ८६३ हेक्टर, ३३ वर्षें. मग कोणी तरी विचारतोच, कीं हें कशाचें गणित? तेव्हां आम्ही गाळाची गोष्ट सांगावयास बसतों.