सोळा आण्यांची माती आणि खार

पनवेलच्या खाडीकाठच्या जुन्या शेतकऱ्याला 'तुमची जमीन कसली?' असं विचारा. तो 'चांगली' किंवा 'वाईट' असं म्हणत नाही. वरकस, खाचर, खार आणि खाजण असे चार शब्द त्याच्याकडे तयार असतात. डोंगरउतारावरची, नाचणी-वरीची ती वरकस. भाताचं ते खाचर. बांध घालून समुद्राकडून मिळवलेली ती खार, आणि बांधापलीकडे भरतीला पाण्याखाली जाणारं, तिवरांनी भरलेलं ते खाजण. माती, पाणी आणि तिथं काय उगवतं हे सगळं या चार शब्दांत येतं. मी वनस्पतिशास्त्राच्या मुलांना या भागात क्षेत्र अभ्यासाला नेत असे, तेव्हा पहिला धडा हाच असायचा. वहीत लॅटिन नावं त्यानंतर.

सरकारनं मातीचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला तो मात्र ज्ञानासाठी नव्हे, साऱ्यासाठी. १८४७ साली गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या तीन इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्यातल्या जमीन पाहणीचे नियम एका संयुक्त अहवालात घालून दिले. त्यातली प्रतबंदीची रीत आजही वाचण्यासारखी आहे. कारकून शेतात उतरून कागदावर शेताचे भाग पाडी आणि प्रत्येक भागात मातीचा रंग, पोत आणि खोली पाही. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची काळी माती ती सोळा आण्यांची. तिथून खाली उतरत नववी प्रत दोन आण्यांची. चुनखडीचे खडे, वाळू, उतार, पाणी न मुरणं, पाण्याच्या लोंढ्यानं वाहून जाण्याचा धोका असे दोष सापडले की प्रत खाली सरके. दोषांना खुणा ठरलेल्या होत्या. प्रयोगशाळा नाही, रसायनं नाहीत. डोळा, हात आणि कुदळ एवढ्यावर हे काम चाले. मला या कारकुनांचं कौतुक वाटतं. त्यांची नावं कुठं छापली गेली नाहीत.

पण ही पद्धत जन्मली देशावर, कोरडवाहू जमिनीत. कोकणात भातासाठी पाण्याची सोय वेगळी मोजावी लागली. आणि एकदा ठरलेला आकार ३० वर्षांसाठी कायम. काळ्या रानाला हे चालून जातं. खारीला कसं चालावं? ती तर एका वर्षातच दोनदा बदलते.

मे महिन्यात खारीतून चालत जा. भेगाळलेल्या चिकणमातीवर मिठाची पांढरी पापुद्री दिसते. ऊन वरून पाणी ओढतं, त्याबरोबर खालचं खारट पाणी केशाकर्षणानं वर येतं आणि मीठ मागे ठेवून उडून जातं. मग पावसाळा येतो. कोकणचा तो मुसळधार पाऊस हेच मीठ धुऊन बाहेर काढतो. १९५४ साली अमेरिकेतल्या रिव्हरसाईडच्या क्षारता प्रयोगशाळेनं मातीच्या अर्काच्या विद्युतवाहकतेवरून खारवट जमीन ठरवण्याची मर्यादा घालून दिली. आजच्या एककात ती ४ डेसिसायमन प्रति मीटर. ती जगभर वापरली जाते. पण त्याच खाचरातला मे महिन्यातला नमुना आणि ऑगस्टमधला नमुना जणू दोन वेगळ्या गावांचे वाटावेत. नुसता आकडा सांगून भागत नाही, महिना सांगावा लागतो.

शेतकऱ्याला हे मोजल्याशिवाय ठाऊक होतं. पहिल्या सरींनी मीठ धुऊन जाईपर्यंत तो थांबे आणि मग मोड आलेलं बी, ज्याला रहू म्हणतात, चिखलात फेकी. भाताचं रोप कोवळं असताना आणि फुलोऱ्यात असताना क्षाराला सर्वात हळवं असतं. हा धोका टळावा म्हणूनच ही वाट पाहणं.

खारीचा दुसरा अर्धा अभ्यास पाण्याचा. बांधाला उघाडी असते. भरतीला ती मिटते, ओहोटीला उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडते. पेण-अलिबागकडे बाहेरचा बांध शिलोत्रदारानं राखायचा आणि त्याबदल्यात कुळांनी धान्य द्यायचं, अशी रीत होती. पुढे १९४८ चा मुंबई खार जमीन कायदा आणि १९७९ चा महाराष्ट्राचा कायदा आला, तेव्हा बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली. पण बांध पोखरणारी चिंबोरी कायदा वाचत नाही! तिच्या बिळातून सुरू झालेल्या पाझराची एकदा खांड झाली की शेतात समुद्र येतो. मीठ निघायला एक पावसाळा पुरत नाही. दुर्लक्ष झालं, तर तिवर उगवतो, निवट्या चिखलात उड्या मारू लागतात आणि खारीचं पुन्हा खाजण होतं. गोड्या आणि खाऱ्या पाण्यात ये-जा करणारा जिताडा इथल्या तळ्यांतही वाढतो. शेत, तळं आणि खाडी यांत भिंत अशी नाहीच.

पनवेलचं खारभूमी संशोधन केंद्र आज डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. त्याचं मोठेपण मला यात वाटतं की खारीत तगलेल्या स्थानिक भातांना त्या कामात मान मिळाला. काळा रता १-२४ आणि भुरा रता ४-१० ही नावं क्षारसहनशील भातांवरच्या परदेशी लेखनातही केरळच्या पोक्कालीशेजारी बसतात. पुढे भुरा रता आणि फिलिपाईन्सहून आलेला, १९६६ चा आयआर-८ यांच्या संकरातून पनवेल-१ हा वाण आला. कुणा अनाम शेतकऱ्यानं पिढ्यान्‌पिढ्या निवडलेलं बी असं त्या वाणाच्या वंशावळीत आहे.

१९७० मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये पनवेलच्या विमानतळाचं उद्‌घाटन झालं. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, सखल भागावर भराव पडला. शहर नको असं मी म्हणणार नाही. माझी मुलं याच शहरात नोकरी करतात. पण तिथं पूर्वी पाणी कुठं मुरत होतं, कुठं थांबत होतं, हे आता जमिनीकडे बघून कळणार नाही. ते जुन्या कागदांतूनच काढावं लागेल.

ते कागद आहेत. सातबाऱ्यावर आकाराचा रकाना असतो, रुपये-पैशांत. आज तो कुणी वाचत नाही, पण त्या आकड्यामागे प्रतबंदी आहे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात क्लासर रजिस्टरं आणि गुणाकार बुकं असतात, मोडीच्या खुणांसकट. भूगोलाच्या एखाद्या प्राध्यापकानं मोडी जाणणारा सोबती घेऊन एका गावाचं रजिस्टर आजच्या नकाशावर मांडून पाहावं. आणि पनवेलच्या कॉलेजांनी कपाटातल्या जुन्या सहलींच्या वह्या रद्दीत घालण्याआधी तारीख आणि जागा लिहिलेली पानं तेवढी वेगळी काढून ठेवावीत.