मुरलेली व्हिस्की आणि कराचा कायदा : अमेरिकेतील दुर्मिळ बर्बनचा इतिहास

प्रस्तावना

पदवी वर्गास अमेरिकेचा इतिहास शिकविताना मद्याचा उल्लेख साधारणतः दोन वेळा येतो. पहिला, १७९४ मध्ये पश्चिम पेनसिल्व्हेनियातील शेतकऱ्यांनी हॅमिल्टनच्या व्हिस्कीवरील कराविरुद्ध केलेल्या बंडाच्या वेळी; आणि दुसरा, १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळासंबंधी. या दोहोंमधील सव्वाशे वर्षांत राज्यसंस्था आणि मद्य यांचे नाते कसे बदलत गेले, याकडे पाठ्यपुस्तके फारशी वळत नाहीत. वास्तविक याच नात्यातून एक विलक्षण वस्तू जन्मास आली. ती म्हणजे पंधरा, वीस किंवा तेवीस वर्षे लाकडी पिंपात मुरलेली बर्बन व्हिस्की. आज तिच्या एकेका बाटलीस लिलावात हजारो डॉलर मोजले जातात.

या बाटल्यांविषयी विक्रेते जी कथा सांगतात ती ठरावीक आहे. एक धीरगंभीर आजोबा, पिढीजात कसब, आणि योग्य क्षण येईपर्यंत वाट पाहणारे घराणे. या कथेत तथ्य अजिबात नाही असे नाही. तथापि उपलब्ध कायदे आणि व्यवहार तपासले असता निराळेच चित्र दिसते. बर्बनचे वय प्रामुख्याने करआकारणीच्या मुदतींनी ठरविले, आणि तिची दुर्मिळता बव्हंशी न खपलेल्या मालातून निर्माण झाली, असे मत प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

बर्बन म्हणजे काय, आणि तिचे वृद्धत्व अस्वाभाविक का

अमेरिकन कायद्यानुसार बर्बनमध्ये धान्यापैकी किमान ५१ टक्के मका असावा लागतो. उरलेला भाग बहुधा राय व माल्ट केलेली बार्ली यांचा असतो. काही ठिकाणी रायऐवजी गहू वापरतात. ऊर्ध्वपातनानंतर मद्यार्काचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक नसावे, पिंपात भरताना ते ६२.५ टक्क्यांहून अधिक नसावे, आणि पिंप आतून जाळलेल्या नव्या ओक लाकडाचे असावे. रंग वा स्वाद वरून घालता येत नाही. बर्बन या नावासाठी वयाची किमान अट नाही. ‘स्ट्रेट बर्बन’ म्हणविण्यासाठी मात्र दोन वर्षे मुरणे आवश्यक असते.

येथे ‘नव्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. स्कॉटलंडमध्ये एकदा वापरलेली पिंपे पुन्हा वापरतात आणि तेथील हवा थंड असते, म्हणून तेथील व्हिस्की अठरा-वीस वर्षे निवांत मुरू शकते. केंटकीत उन्हाळा कडक आणि हिवाळा गोठविणारा. उन्हाळ्यात द्रव प्रसरण पावून जळक्या लाकडात शिरतो, थंडीत बाहेर येतो, आणि दर फेरीत लाकडाचा रंग, व्हॅनिलासारखा गंध व तुरटपणा घेऊन येतो. लोणचे मुरते तसे हे मुरणे. पण लोणचेही एका मर्यादेपलीकडे गळून जाते. बहुतेक बर्बन चार ते आठ वर्षांत पिण्याजोगी होते. बारा-पंधरा वर्षांनंतर लाकडाचा कडवटपणा धान्याच्या चवीवर मात करू लागतो. शिवाय दरवर्षी काही टक्के द्रव उडून जातो. सुमारे २०० लिटरच्या पिंपात वीस वर्षांनी निम्म्याहून कमी व्हिस्की उरल्याची उदाहरणे नित्याची आहेत.

म्हणजे वीस वर्षांची बर्बन ही व्यवसायाच्या दृष्टीने तोट्याची आणि चवीच्या दृष्टीने जोखमीची गोष्ट होय. मग ती ठेवली कोणी, आणि का?

वय मोजणारे कुलूप

बर्बनच्या उगमाविषयीच्या दंतकथांत फार वेळ घालविण्याचे कारण नाही. एलायजा क्रेग या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने जळक्या पिंपाचा शोध लावला असे सांगतात, परंतु त्यास समकालीन पुरावा मिळत नाही. केंटकीतील पॅरिस या गावच्या वृत्तपत्रात १८२१ मध्ये ‘बर्बन व्हिस्की’ची जाहिरात आढळते, एवढे सांगितले तरी पुरे.

निर्णायक वळण आले ते यादवी युद्धामुळे. युद्धखर्चासाठी १८६२ मध्ये मद्यावर गॅलनमागे २० सेंट कर बसविण्यात आला आणि युद्ध संपेपर्यंत तो २ डॉलरवर जाऊन पोहोचला. कर मालाच्या किमतीहून कितीतरी पट झाल्यावर जे व्हायचे तेच झाले. चोरटा माल बोकाळला. १८६८ मध्ये दर ५० सेंटवर उतरविण्यात आला. तरीही १८७५ मध्ये अर्थमंत्री बेंजामिन ब्रिस्टो यांनी उघडकीस आणलेल्या ‘व्हिस्की रिंग’ प्रकरणात कारखानदार आणि महसूल अधिकारी यांची साखळी थेट राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या खाजगी सचिवापर्यंत गेल्याचा आरोप झाला. ते सचिव ऑर्व्हिल बॅबकॉक पुढे निर्दोष सुटले.

या धामधुमीत एक साधी वाटणारी सोय रूढ झाली. तयार माल सरकारी कुलुपाखालील बंधित गोदामात ठेवावा आणि तो बाहेर काढताना कर भरावा, अशी ती सोय होती. मुदत आधी एक वर्ष होती. १८८० च्या कार्लाइल कायद्याने ती तीन वर्षे झाली व उडून गेलेल्या द्रवासाठी काही मर्यादेपर्यंत सूट मिळाली. १८९४ मध्ये कर गॅलनमागे १ डॉलर १० सेंट करताना मुदत आठ वर्षांवर नेण्यात आली. मुदत संपली की माल विकला गेला असो वा नसो, कर भरणे भाग असे. त्यामुळे आठव्या वर्षानंतर पिंप सांभाळणे म्हणजे रोख रक्कम आधी भरून, उरलेला माल हवेत उडताना पाहत बसणे होय. कोणताही शहाणा कारखानदार तसे करीत नसे. आठ वर्षे ही मर्यादा जिभेने ठरविली नव्हती, ती काँग्रेसने ठरविली होती.

३ मार्च १८९७ च्या ‘बॉटल्ड इन बाँड’ कायद्याने या कुलुपास वेगळीच प्रतिष्ठा दिली. त्या काळी बाजारातील बराच माल कोऱ्या मद्यार्कात रंग व अर्क मिसळून ‘जुनी व्हिस्की’ म्हणून खपविला जाई. याविरुद्ध कर्नल एडमंड हेन्स टेलर (धाकटे) या केंटकीच्या कारखानदाराने मोहीम उघडली, आणि तेव्हाचे अर्थमंत्री जॉन कार्लाइल हे केंटकीचेच असल्याने तिला बळ मिळाले. नव्या कायद्यानुसार एकाच कारखान्यात, एकाच हंगामात गाळलेली, किमान चार वर्षे सरकारी देखरेखीखाली मुरलेली आणि ५० टक्के तीव्रतेने भरलेली व्हिस्की या नावास पात्र ठरली. बाटलीच्या तोंडावर हिरवी सरकारी पट्टी चिकटविली जाई आणि तीवर गाळण्याचा व भरण्याचा हंगाम छापलेला असे.

इतिहासाच्या अभ्यासकास ही पट्टी फार मोलाची वाटावी. ती मुळात कर भरल्याची पावती आहे. परंतु वस्तूचे वय सांगणारा, तटस्थ अधिकाऱ्याने साक्षांकित केलेला तो दस्तऐवजही आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अशा पट्ट्या वापरात होत्या. आज संग्राहक बाटलीचा काळ ठरविताना प्रथम लेबलवरील घराण्याची कथा वाचीत नाहीत, ते पट्टी वाचतात.

दारूबंदी, कोरियाचे युद्ध आणि वीस वर्षे

आठ वर्षांची मर्यादा प्रथम मोठ्या प्रमाणावर ओलांडली गेली ती दारूबंदीत, हा इतिहासातील एक विरोधाभास आहे. १९२० नंतर गाळणे थांबले, पण वैद्याच्या चिठ्ठीवर औषधी व्हिस्की मिळत राहिली. मोजक्याच कंपन्यांना तिच्या विक्रीचे परवाने होते आणि विखुरलेला साठा निवडक गोदामांत एकत्र आणण्यात आला. १९२९ मध्ये साठा भरून काढण्यापुरती मर्यादित परवानगी मिळेपर्यंत नवा माल येणे बंद होते. परिणामी १९१६-१७ च्या सुमारास गाळलेली व्हिस्की बारा-पंधरा वर्षे पिंपातच पडून राहिली आणि औषधाच्या लहान बाटल्यांतून बाहेर आली. एवढी जुनी बर्बन कोणा कलावंताने योजून तयार केली नव्हती. गाळण्यास मनाई होती म्हणून ती जुनी झाली.

दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. शेन्ली कंपनीचे प्रमुख लुइस रोझेनस्टील यांनी १९५० मध्ये कोरियाचे युद्ध सुरू होताच, दुसऱ्या महायुद्धाप्रमाणे कारखाने पुन्हा औद्योगिक मद्यार्काकडे वळविले जातील या अंदाजाने प्रचंड साठा केला. अंदाज चुकला. आठ वर्षांची मुदत जवळ येऊ लागली आणि लक्षावधी गॅलनांवरील कर डोक्यावर लटकू लागला. मग कायदा बदलण्यासाठी हालचाली झाल्या. १९५८ मध्ये प्रतिनिधी एमे फोरँड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुरुस्तीने बंधित साठवणुकीची मुदत आठवरून वीस वर्षे झाली. त्यानंतर शेन्लीने जुन्या वयाच्या व्हिस्कीचा जाहिरातींतून गौरव आरंभिला, यात नवल नाही. चुकलेल्या सट्ट्याचे असे ‘परंपरे’त रूपांतर झाले. ४ मे १९६४ रोजी काँग्रेसने बर्बन हे अमेरिकेचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन असल्याचा ठराव केला. त्यामागेही याच उद्योगपतींचा आग्रह होता.

चारशे पिंपांची गोष्ट

१९७० च्या दशकात अमेरिकन तरुण व्होडका आणि वाइनकडे वळला. बर्बन ही वडीलधाऱ्यांची दारू ठरली. गोदामे भरलेली आणि गिऱ्हाईक नाही, या अवस्थेत जे पडून राहिले त्यातूनच आजच्या दंतकथा निघाल्या.

यांतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण केंटकीचे नसून पेनसिल्व्हेनियाचे आहे, ही बाब मुद्दाम नोंदवावीशी वाटते. शेफर्सटाउन येथील मिक्टर्स कारखान्यात १९७४ च्या वसंत ऋतूत अॅडॉल्फ हिर्श या शेन्लीच्या माजी अधिकाऱ्यासाठी सुमारे ४०० पिंपे बर्बन गाळण्यात आली. ती पंधरा वर्षे तशीच राहिली. १९९० च्या सुमारास कारखाना बंद पडला, तेव्हा केंटकीतील एका मद्यविक्रेत्याने साठा विकत घेऊन हलविला. ‘ए. एच. हिर्श रिझर्व्ह’ या नावाने ती बाटल्यांत आली. सोळाव्या वर्षी बराचसा द्रव पोलादी टाक्यांत ओतण्यात आला. कारण लाकडाचा संपर्क तुटला की मुरणे थांबते. म्हणूनच पुढील अनेक वर्षांत भरलेल्या बाटल्यांवरही ‘१६ वर्षे’ हेच वय राहिले. प्रारंभी ती दुकानांच्या फडताळांवर धूळ खात होती. संपत आली तेव्हा तिचे मोल कळले. २०१२ मध्ये बर्बनचे इतिहासकार चार्ल्स काउडरी यांनी या एकाच व्हिस्कीवर पुस्तक लिहिले. आज केंटकीत याच नावाचा मिक्टर्स कारखाना आहे, पण जुन्या कारखान्याशी त्याचा संबंध नावापुरताच.

पॅपी व्हॅन विंकल या नावाची कथाही याच वळणाची आहे. ज्युलियन ‘पॅपी’ व्हॅन विंकल १८९३ मध्ये एका मद्यविक्री पेढीत रुजू झाले. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली लुइव्हिलजवळ १९३५ मध्ये स्टिट्झेल-वेलर कारखाना सुरू झाला. रायऐवजी गहू ही त्याची ओळख होती. पॅपी १९६५ मध्ये वारले. १९७२ मध्ये कुटुंबास कारखाना विकावा लागला. १९९२ मध्ये तो बंद पडला. त्यांच्या नातवाने, कोणी विचारीत नव्हते अशा काळात, जुनी पिंपे विकत घेऊन लहान प्रमाणावर भरणे चालू ठेवले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास वीस वर्षांची बर्बन आजोबांच्या नावे बाजारात आणली. त्या नातवाची चिकाटी निर्विवाद आहे. परंतु ही वीस वर्षे आजोबांनी योजिलेली नव्हती. ती मंदीने दिलेली होती. २००२ पासून हे उत्पादन बफेलो ट्रेस कारखान्याच्या भागीदारीत होते. म्हणजे लेबल तेच आणि द्रव कालांतराने दुसऱ्या भट्टीचा, हा फरक लिलावात बोली लावणारे सारेच जाणतात असे वाटत नाही.

मागणी वाढताच अपप्रवृत्तीही आल्या. २०१३ मध्ये याच बर्बनच्या दोनशेहून अधिक बाटल्या चोरीस गेल्याची बातमी देशभर गाजली. २०१५ मध्ये याप्रकरणी आरोपपत्रे दाखल झाली. रिकाम्या बाटल्यांनाही किंमत येऊ लागली, आणि रिकाम्या बाटलीस किंमत का यावी याचे उत्तर सज्जन मनुष्यासही सुचू शकते. १८९७ मध्ये कर्नल टेलर ज्या भेसळीविरुद्ध लढले ती अशा रीतीने मागच्या दाराने परतली, आणि या खेपेस सरकारी पट्टी नव्हती. केंटकीने २०१८ पासून परवानाधारक दुकानांना खाजगी व्यक्तींकडून जुन्या बाटल्या विकत घेऊन विकण्याची मुभा दिली, त्यामुळे हा व्यवहार निदान अंशतः उजेडात आला.

पुन्हा कर

बंधित गोदामांतील सरकारी कुलूपधारी १९८० पासून गेले, तरी कर गेला नाही. केंटकीत मुरत असलेल्या प्रत्येक पिंपावर दरवर्षी मालमत्ता कर आकारला जातो. पिंप जितके अधिक काळ ठेवावे तितका तो साचत जातो. म्हणजे जुनेपणावरचाच हा दंड. कारखानदारांचा त्यास विरोध होता, तर गोदामे असलेल्या परगण्यांच्या शाळा व अग्निशमन दले या उत्पन्नावर अवलंबून होती. बार्ड्सटाउन येथे नोव्हेंबर १९९६ मध्ये हेवन हिल कारखान्याची गोदामे जळून सुमारे ९०,००० पिंपे नष्ट झाली होती. हे आठवले म्हणजे अग्निशमन दलांचा मुद्दा केवळ भावनिक वाटत नाही. आयात करांचा प्रश्न वेगळाच. भारताने फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनवरील आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले, तेव्हा त्याची चर्चा व्यापारवार्तांपुरतीच राहिली.

केंटकीच्या विधिमंडळाने २०२३ मध्ये पिंपांवरील कर २०२६ पासून टप्प्याटप्प्याने कमी करीत २०४३ पर्यंत संपविण्याचा कायदा केला. २०२५ च्या आरंभी राज्यातील गोदामांत १ कोटी ६० लाखांहून अधिक बर्बनची पिंपे होती. त्याच वर्षी मागणी मंदावल्यामुळे ब्राउन-फोरमन या जुन्या कंपनीने लुइव्हिलमधील आपला पिंप बनविण्याचा कारखाना बंद केला. कायदा झाला त्या वर्षी भरलेले एखादे पिंप जर कोणी विकत घेतले नाही, तर कर संपुष्टात येईल तेव्हा त्यातील बर्बन बरोबर वीस वर्षांची असेल.